गैरसोयीचे तिकीट

तापोळ्याला हल्ली सगळे ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. लाइफ जॅकेट चढवायचे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर कयाक वल्हवायची, गळ टाकून बसायचे आणि ‘काय शांतता आहे!’ असे ओरडून ओरडून व्हिडिओत सांगायचे. शांतता असणारच. 105 टीएमसीच्या धरणात गावेच्या गावे बुडाली, आता बोलणार कोण? काठावर उरलेले लोक तेव्हापासून बाजाराला आणि दवाखान्याला लाँचने जातात. पण त्याला साहसी जलक्रीडा म्हणत नाहीत. सरकारी कागदात ती ‘दळणवळणाची गैरसोय’. तीच गैरसोय पुण्याचा माणूस पैसे मोजून तासाच्या भावाने विकत घेतो. वर गळाला लागलेला मासा फोटो काढून परत सोडतो, तेव्हा काठावरच्या आजीचा जीव कालवणासाठी हळहळतो.

सांगलीकरांना मात्र या सगळ्याचे अप्रूप नाही. 2005, 2019, 2021... महापुरात कृष्णामाई घरपोच येते. आयर्विन पुलाकडे पाणी किती फूट चढले याची चौकशी करत बसायचे, मग होडी थेट गॅलरीला लागते. भाडे नाही, बुकिंग नाही. जॅकेटे तेवढी तापोळ्याला असतात.