केळं घालून बघ

पुण्यात हिंजवडी-चाकणकडच्या प्रत्येक सिम्युलेशन टीममध्ये एक अण्णा असतो. कार्डावर हुद्दा काहीही छापलेला असो, खरं काम एकच. कुणी "अण्णा, रन उडाला" म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि चाकाच्या खुर्चीसकट घरंगळत त्याच्या टेबलापाशी यायचं.

"काय म्हणतोय तो?"

तो म्हणजे सॉल्व्हर.

"व्हेरिएबल अनडिफाइन्ड म्हणतोय, अण्णा."

"कुठलं?"

इथं पोरगं गप्प. लाल अक्षरं दिसताच त्यानं खिडकी बंद करून रनचं बटण पुन्हा दाबलेलं असतं, मधल्या काळात सॉल्व्हरचा राग निवला असेल या आशेनं.

"लॉग उघड. वर जा. अजून वर. पहिला एरर वाच." खालचे सगळे एरर त्या पहिल्यामुळेच आलेले असतात, हा अण्णांचा पाठ आम्हाला तोंडपाठ आहे. मग स्क्रीनवर बोट टेकवून अक्षरवाचन सुरू होतं. "टी. अंडरस्कोअर. आय. एन. आता वरचं वाच." वरचा टी कॅपिटल, खालचा स्मॉल. "सॉल्व्हर म्हणजे तहसीलच्या खिडकीवरचा कारकून रे. आधारवर दिपक ऱ्हस्व आणि दाखल्यावर दीपक दीर्घ, की त्याच्या लेखी तुम्ही दोन माणसं!"

खरी चीड याची, की ती चूक अण्णांना बसल्याबसल्याच दिसलेली असते. पण सांगतील तर शपथ. चार वाजता कस्टमर रिव्ह्यू आहे, मॅनेजर काचेपलीकडून घड्याळ दाखवतोय, आणि अण्णा विचारतायत, "बरं, हे डिफाइन कुठं केलंस?" कॉमसॉलमधलं मॉडेल असेल तर आणखी वीस मिनिटं गेली म्हणून समजा. तिथं व्हेरिएबल ठरावीक डोमेनपुरतं डिफाइन करता येतं. "पाण्याच्या डोमेनवर डिफाइन केलंस आणि विचारतोयस लोखंडाला. लोखंड काय सांगणार, कपाळ?"

ओपनफोम आलं की मात्र अण्णा खुलतात. तिथल्या सेटिंगच्या फायलींत कुठल्या जागी कोणतं नाव चालतं हे आठवेना, की त्यांचा एकच सल्ला: "केळं घालून बघ." सुरुवातीला आम्हाला ही थट्टा वाटायची. पण खरंच, त्या जागी इंग्रजीत 'बनाना' लिहायचं आणि रन लावायचा. सॉल्व्हर भडकतो, असलं काही मला ठाऊक नाही म्हणतो, आणि त्याला ठाऊक असलेल्या नावांची अख्खी यादीच छापून देतो. त्यातलं हवं ते उचलायचं. ही युक्ती जगभरचे ओपनफोमवाले वापरतात. अण्णा मात्र ती अशा थाटात सांगतात, जणू पहिलं केळं त्यांनीच सोललं होतं.

एररची त्यांना भीती नाही, भीती आहे ती गप्प बसणाऱ्या सॉल्व्हरची. अॅन्सिसच्या एपीडीएलमध्ये डिफाइन न केलेलं पॅरामीटर वापरलं, तर त्याला शून्याला जवळजवळ टेकलेली किंमत मिळते, २ चा उणे १०० वा घात, आणि गाडी पुढे चालू. हे सांगताना अण्णांचा आवाज भुताची गोष्ट सांगावी तसा खाली येतो. "ओरडणारा परवडला रे."

एका नव्या मुलीनं ब्रॅकेटची मोडल अॅनालिसिस करून रंगीत चित्रं प्रेझेंटेशनमध्ये लावलीसुद्धा होती. एकही एरर नाही. अण्णांनी फ्रिक्वेन्सी पाहिली आणि बोटांवर हिशेब केला. "अगं, तुझा हा ब्रॅकेट पावणेतीन तासांत एकदा हलतोय." लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये, आणि स्टीलची घनता मात्र पुस्तकातली, ७८५०. या हिशेबात ती टनांत, ७.८५ गुणिले दहाचा उणे ९ वा घात, अशी द्यावी लागते. घनता अब्जाच्या हजारपट झाली, म्हणून फ्रिक्वेन्सी दहा लाखांनी उतरली. ती रडवेली झाली, तेव्हा अण्णांनी चहा मागवला आणि रिव्ह्यूत स्वतःच उभे राहिले.

त्यांचा पिंड फोरट्रानचा. त्या भाषेत काहीच न सांगता वापरलेलं, आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांक धरलं जातं. म्हणून 'मास'च्या आधी एक्स लावायची सवय जडली, ती आजतागायत आहे. 'टेम्प' नावाच्या व्हेरिएबलवर त्यांचा विशेष राग. "टेम्परेचर की टेम्पररी?" वाण्याच्या यादीतही ते एकक चौकटी कंसात घालतात: साखर २ [किलो].

त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वाढतावाढता वहिनी म्हणाल्या, "अहो, फ्रिजातलं ते आणा जरा."

अण्णा फ्रीजचं दार उघडून उभे. "ते म्हणजे?"

"तेच हो, मघाशी ठेवलेलं."

"मघाशी म्हणजे कधी? आणि कुठल्या कप्प्यात?"

वहिनींनी पोळी तव्यावर उलटली. "बरं, केळं आहे का बघा."

"केळं फ्रिजात कोण ठेवतं?" अण्णा उखडले. "इथं अर्धं लिंबू आहे, कोथिंबीर आहे, परवाचं ताक आहे, काकडीची कोशिंबीर आहे..."

"हां, कोशिंबीर. आणा ती."