हजार मैल सरळ, मग उजवीकडे

कॉलेजकडून दोन कामं हवी असतात. एक शिकण्याचं, एक सांगण्याचं. शिकणारं पोर एकटंच असतं. सांगणारे मात्र आईवडील, आजी, मामा असे पुष्कळ असतात. आयआयटीचं त्या दृष्टीनं बरं आहे. लग्नाच्या पंगतीत नुसता शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद. अमेरिकेतल्या लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची पंचाईत नेमकी इथंच होते. हजार-दोन हजार पोरं, बहुतेक ठिकाणी पदवीपुढचं काहीच नाही, इंजिनिअरिंग असलंच तर तोंडी लावण्यापुरतं. प्राध्यापक उत्तम, लायब्ररी उत्तम, आणि राहण्याजेवण्यासकट वर्षाचा खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलर. एवढे पैसे मोजायचे आणि नाव असं, की पुण्यात सांगितलं तर समोरचा आपलं सांत्वन करतो. "असू द्या हो. पुढे मास्टर्सला मिळेल चांगलं."

त्या ऑक्टोबरात मी ताईकडे न्यू जर्सीला गेलो होतो. इतर पाहुण्यांना नायगारा दाखवतात, मला कॉलेजं दाखवली. भाची बारावीत होती आणि तिनं घरात जाहीर केलं होतं, की चारशे जणांच्या वर्गात बसून तिला शिकायचं नाही. दाजी चिप डिझाइन करतात. कुठलाही प्रश्न एक्सेलमध्ये घातल्याशिवाय त्यांना तो प्रश्न वाटत नाही. त्यांनी कॉलेजांची शीट केली होती: प्रवेशाची टक्केवारी, एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी, पदवीनंतरचा पगार, विमानतळापासूनचं अंतर. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनीही हात जोडावेत इतके रकाने. भाचीच्या वहीत एकच रकाना होता: जेवताना मुलं काय बोलतात.

कॅम्पस टूर हा प्रकार ज्यानं पाहिला नसेल त्याला सांगतो. दुसऱ्या वर्षाची एखादी हसरी मुलगी तासभर आपल्याकडे तोंड करून उलटी चालते. उलट्या पावलांनी पायऱ्या चढते, सायकली चुकवते, खारीला वाट देते आणि तोंडानं बोलत राहते. पहिला अर्धा तास मी कॉलेज पाहिलंच नाही. ही आता कुठे आपटते, एवढंच पाहत होतो. ती आपटत नाही. त्यासाठीच निवडलेली असते. प्रत्येक कॉलेजात ती निळ्या दिव्याचा इमर्जन्सी खांब दाखवते. प्रत्येक कॉलेजात एक प्राध्यापक वर्गाला घरी जेवायला बोलावतात आणि त्यांचा कुत्रा सगळ्यांचा लाडका असतो. तिसऱ्या कॉलेजात दाजींनी कुत्र्याचा रकाना वाढवायचं मनावर घेतलं होतं. ताईनं डोळे वटारले.

पालकांचेही प्रश्न ठरलेले. बाबा लोक नोकऱ्यांचं विचारतात, आया कपडे धुण्याचं. मुलं काहीच विचारत नाहीत. आईबापांपासून दहा फुटांवर, आपला यांच्याशी संबंध नाही अशा चेहऱ्यानं चालतात. आमची भाची तर मध्येच नाहीशी व्हायची. ती मेसमध्ये, कुणाच्या तरी शेजारच्या टेबलावर, सूप घेऊन कान टवकारून बसलेली सापडायची.

पहिली फेरी फिलाडेल्फियाच्या बाजूला झाली. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. फिलाडेल्फिया म्हटल्यावर तिचा आवाज बदलला. आनंदीबाई जोशी तिथंच १८८६ साली डॉक्टर झाल्या, हा धडा तिनं शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेला. त्यामुळे त्या शहराच्या आसपासच्या कुठल्याही संस्थेला आईची संमती आगाऊच होती. त्यातलं पहिलं स्वार्थमोर. क्वेकर पंथाच्या मंडळींनी १८६४ साली काढलेलं. अख्खं आवार म्हणजे झाडांच्या नावांच्या पाट्या लावलेलं उद्यान. हिरवळीवर एक पांढरी लाकडी आरामखुर्ची आहे, इतकी अवाढव्य की तिच्यात बसलं की मोठा माणूसही पाय लोंबकळणारं पोर दिसतो. मी बसलो. उतरताना दाजींना हात द्यावा लागला. हीच गुणपत्रिका दुसरीकडे असती तर 'ए' मिळाला असता, अशा अर्थाचा टी-शर्ट हा तिथल्या मुलांचा जुना विनोद. भाचीनं वहीत लिहिलं: 'किती वाचायचं राहिलंय, यावर बोलतात.'

तिथून थोड्याच अंतरावर हॅवरफर्ड. १८३३ सालचं, तेही क्वेकरांचंच. आणि तिथं काय असावं? क्रिकेट! कॉलेजच्या एका इंग्रज माळ्यानं पोरांना शिकवलं म्हणे. १८६४ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला हरवलं होतं आणि आजही कॉलेजचा अधिकृत क्रिकेट संघ आहे. अमेरिकेत असा आपला एकट्याचाच, असं ते अभिमानानं सांगतात. लायब्ररीत क्रिकेटच्या पुस्तकांचा वेगळा संग्रह. दाजी त्या मैदानाच्या कडेला गेले आणि परत येईनात. इतकी वर्षं परक्या देशात काढलेल्या माणसाला हिरवळीत मधोमध खेळपट्टी दिसली की काय होतं, ते मी पाहिलं. शीटमधलं पगाराचं बोलणं त्या दुपारी झालं नाही.

हॅवरफर्डची दुसरी ख्याती ऑनर कोडची. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. सत्रअखेरच्या बऱ्याच परीक्षा मुलं आपल्याला सोयीच्या वेळी देतात, आणि पेपर दिलेला मित्र न दिलेल्या मित्राला अवघड होता की सोपा एवढंही सांगत नाही. दहावीच्या केंद्रावर भरारी पथक येतं तेव्हा खिडकीखालून पळणारे काका-मामा पाहिलेला मी माणूस. मी गाइडला दोनदा विचारलं, "कुणीच नसतं?" तिला प्रश्नच कळला नाही.

पण हॅवरफर्डचा खरा प्रताप पुण्यात झाला. आईनं वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत दोन ठिकाणी सांगितलं, की नात हॅवरफर्ड बघून आली. दोन्हीकडे ते हार्वर्ड ऐकू गेलं. संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवरून अभिनंदन आलं आणि एकीकडून साखरफुटाणे. आई निवृत्त शिक्षिका. ऱ्हस्वदीर्घाची चूक ती लग्नपत्रिकेतही लाल शाईनं दुरुस्त करते. ही चूक तिनं दुरुस्त केली नाही.

मॅसॅच्युसेट्सची फेरी आम्ही पानगळीत केली, त्यामुळे कॉलेजांपेक्षा झाडांचेच फोटो जास्त आले. विल्यम्स १७९३ चं, डोंगरात. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी अचानक घंटा वाजतात, तास रद्द होतात आणि सगळं कॉलेज डोंगर चढायला निघतं. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असा ट्युटोरियलचा वर्ग तिथं असतो. एकानं निबंध वाचायचा, दुसऱ्यानं तो फाडायचा, पुढच्या आठवड्यात उलट. "म्हणजे घरी आईसमोर बसतो तसं," ताई म्हणाली. ॲमहर्स्टचा जन्म या विल्यम्सच्याच भांडणातला. १८२१ साली विल्यम्सचे अध्यक्ष काही विद्यार्थी घेऊन बाहेर पडले आणि नव्या कॉलेजचे अध्यक्ष झाले. जाताना लायब्ररीतली पुस्तकंही नेली, अशी दंतकथा विल्यम्सवाले अजून चवीनं सांगतात. अमेरिकेतला पहिला आंतरकॉलेज बेसबॉल सामना या दोघांतच १८५९ साली झाला. ॲमहर्स्टनं तो ७३-३२ असा जिंकला. संस्था फोडून दुसरी काढायची आणि मग दोनशे वर्षं एकमेकांकडे बघून घ्यायचं, हे पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही.

काही नावं शीटमध्ये आली तशी गेली. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात विद्यार्थी अणुभट्टी चालवतात, हे कळल्यावर ताईनं ती ओळच पुसली. स्टीव्ह जॉब्ज तिथं होता, असं दाजी म्हणाले. "होता आणि सोडून गेला," ताई म्हणाली. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. तो संपला की दुसरा. मला ही कल्पना फार आवडली, पण मला विचारत कोण होतं! कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं डीप स्प्रिंग्ज तर पंचवीस-तीस मुलांचं. शिकायला फी नाही, पण गुरं राखायची, धारा काढायच्या. आई फोनवर म्हणाली, "धारा काढायला पोरीला अमेरिकेत कशाला ठेवलंय? कोकणात आपल्या गाई आहेत."

मग मध्य-पश्चिम. न्यू जर्सीत ताईच्या घराजवळून इंटरस्टेट ८० जातो आणि हाच रस्ता आयोवात ग्रिनेल गावाच्या दक्षिणेनं जातो. जीपीएसची बाई एकदा बोलली आणि मग झोपलीच. हजारेक मैल सरळ, मग उजवीकडे. पेनसिल्व्हेनियातले डोंगर सोडले तर बाकी सगळा मका. ओहायोत मका, इंडियानात मका, इलिनॉयमध्ये दाजी म्हणाले, "इथं पोरगी काय शिकणार? मकाच ना?" मागून उत्तर आलं नाही. भाचीनं कानात हेडफोन घातले होते.

ग्रिनेल गाव नऊ-दहा हजार वस्तीचं. चौकात लुई सलिव्हनची १९१४ ची बँक आहे, विटांचा बंद ठोकळा आणि दारावर एकाएकी फुललेली, सोनेरी नक्षीची गोल खिडकी. कॉलेज त्याहून जुनं, १८४६ चं. त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ. मालगाडी आली की पोरं बोलता बोलता थांबतात, वाक्य तोंडात धरून ठेवतात, गाडी गेली की तिथूनच पुढे बोलतात. पहिल्या सत्रातलं एक ट्युटोरियल सोडलं तर सक्तीचा विषय नाही. मार्गदर्शकाशी बसून अभ्यासक्रम आपणच जुळवायचा. दाजींना हे बेशिस्त वाटलं. मग आम्ही विज्ञानाच्या इमारतीपाशी आलो आणि तिच्यावर रॉबर्ट नॉयसचं नाव दिसलं.

नॉयस म्हणजे इंटेलच्या दोन संस्थापकांपैकी एक. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अख्खं सर्किट बसवणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. दाजींच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या खालोखाल त्याची जागा. पण तो एमआयटीचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. एमआयटीच्या आधी हा माणूस या मक्याच्या शेतांत शिकला होता! गाइडनं गोष्ट सांगितली. १९४८ साली वसतिगृहात हवाईयन मेजवानी होती आणि नॉयसनं एका मित्राबरोबर रात्री शेजारच्या शेतावरून पंचवीस पौंडांचं डुकराचं पिल्लू पळवलं. दुसऱ्या दिवशी दोघं आपण होऊन कबुली द्यायला आणि पैसे द्यायला गेले, तर शेत गावच्या मेयरचं निघालं. प्रकरण तुरुंगापर्यंत जायचं, पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले. एक सत्र निलंबन. ते काढून नॉयस परत आला, तेव्हा गेल सरांनी बेल लॅब्जमधून अगदी पहिल्या ट्रान्झिस्टरांपैकी दोन मिळवून वर्गात आणले होते.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. बेल लॅब्ज न्यू जर्सीत मरे हिलला आहे, ताईच्या घरापासून जवळच. म्हणजे ट्रान्झिस्टर हजार मैल सरळ आणि मग उजवीकडे आला होता. त्यांनी इमारतीच्या नावापाशी उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला; डोळे मिटले म्हणून दुसरा. तेवढ्यात भाची मेसमधून आली. मालगाडीचे डबे मोजून तिचा वेग कसा काढायचा यावर दोन मुली हमरीतुमरीवर आल्या होत्या, त्यातली एक संगीत शिकणारी. शेवटी त्यांनी भाचीलाच विचारलं. तिच्या वहीतलं हे पान मला वाचू दिलं नाही.

परतीच्या आधी उत्तरेला मिनेसोटात कार्लटन पाहिलं. त्याबद्दल मला दोनच गोष्टी आठवतात. 'डेसी मोझेस हाउस' नावाचं कॉलेजचं एक घर आहे, तिथं कुठल्याही विद्यार्थ्यानं जाऊन बिस्किटं भाजावीत. मैदा, लोणी, साखर कॉलेजची. आणि १९७७ साली त्यांनी गावातल्याच सेंट ओलाफ कॉलेजशी मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर फुटबॉल सामना खेळला, खेळाडूंच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये छापून. कार्लटन ४३-० हरलं. अमेरिकेत दशमान पद्धत पुढे का रुजली नाही, याला निदान एक कारण मिळालं.

मार्चअखेर निकाल लागले तेव्हा मी पुण्यात परतलो होतो. विल्यम्सनं प्रतीक्षा यादीत ठेवलं, स्वार्थमोरनं नाही म्हटलं. हॅवरफर्ड आणि ग्रिनेल मिळाली. एक मेपर्यंत कळवायचं. विल्यम्स, ॲमहर्स्ट, हॅवरफर्ड यांच्याकडे पैशांची मदत मिळते ती घरची गरज पाहून. आणि कॉलेजच्या हिशेबात दाजी श्रीमंत, दाजींच्या हिशेबात नाहीत. ग्रिनेल गुणांवरही शिष्यवृत्ती देतं, ती भाचीला मिळाली होती. तरी दाजी हॅवरफर्डवर अडले. त्यांनी क्रिकेटचं नाव काढलं नाही, "घराजवळ आहे" म्हणाले. भाचीनं ग्रिनेल सांगितलं आणि वही बंद केली. आता आईला सांगायचं होतं.

व्हिडिओ कॉलवर दाजींनी बरंच काही सांगितलं. वॉरन बफे तिथले विश्वस्त होते, जॅझवाला हर्बी हॅनकॉक तिथला विद्यार्थी. आई मख्ख. तीन मजले आणि साखरफुटाणे तिच्या डोळ्यांसमोर होते. शेवटी दाजींनी डुकराची गोष्ट काढली. मी इकडून खुणा करत होतो, की ही गोष्ट नको. सकाळची पूजा व्हायची होती.

आईनं सगळी ऐकून घेतली.

"कबूल करायला आपणहून गेला?"

"हो, आई."

"आणि काढून नाही टाकला?"

"नाही. एक सत्र बाहेर ठेवला."

"परत आल्यावर त्याच मास्तरांनी ते यंत्र दाखवलं?"

"त्याच."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. तिच्या शाळेत असल्या बैठकांना ती अनेकदा बसली होती, आणि पोराच्या बाजूनं बोलणारी बहुतेक वेळा एकटीच असायची.

"घाला तिला तिथं," ती म्हणाली. "थंडी फार असेल, लोकरीचं पाठवते. आणि हार्वर्डचं काय झालं ते वर-खाली मी बघते, तुम्ही कुणी मध्ये बोलू नका."