दाजींची वाफ

दाजी हे कुणा एकाचे दाजी नव्हेत. ते केजला सासरवाडीत आले, मेहुण्याच्या ओळखीनं कृषी सेवा केंद्र टाकलं आणि बघता बघता गावाचे जावई होऊन बसले. त्यामुळं दाजींना उधारी मागायला संकोच वाटतो आणि गावाला ती बुडवायला वाटत नाही. असे दाजी गेवराईत आहेत, धारूरला आहेत, माजलगावात तर दोन-तीन निघतील. ज्यानं ऐन उमेदीची वर्षं सिगारेट ओढली, एक दिवस ती सोडली आणि सोडल्यापासून जो दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोललेला नाही, तो दाजी.

सोडली ती अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरून नुसतंच ‘हं’ म्हटलं म्हणून. पुढं काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर दाजींनी वाद घातला असता.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि ती फुफ्फुसाची नव्हती, पायरीची होती. आपल्याकडं तंबाखूलाही उतरंड आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत; तोंडात धरणारे मात्र चोवीस निघाले. म्हणजे बाकी गाव तळहातावर चुना मळून बार भरत असताना जो माणूस दोन बोटांत सिगारेट धरून उभा राहतो, तो आपोआप थोडा वरचा ठरतो. बियाण्याच्या कंपनीचा साहेब आला की हात दाजींकडंच पुढं करायचा, तो उगाच नव्हे. आता सिगारेट सोडायची म्हणजे त्या चौघांतून उठायचं. उठून जायचं कुठं? चोवीस जणांत बसून पुडी फोडायची? म्हातारी सासू सकाळी मिश्री लावताना एवढंच म्हणाली, “आता या आमच्यात.” दाजींना ते शब्द लागले. ज्याला खाली उतरायचं नसतं त्याला वर चढावं लागतं. दाजींनी वर बघितलं, तर तिथं वाफ होती.

पुण्याला हिंजवडीत असलेल्या भाच्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली. सिगारेट पेटवायची नाही, जाळायची नाही. बॅटरीवर एक तार तापते, तारेत गुंडाळलेला कापूस टाकीतलं द्रावण शोषतो आणि त्याची वाफ होते. द्रावणात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, चवीचा अर्क आणि पाहिजे तेवढं निकोटिन. राख नाही, थोटूक नाही. दाजी ऐकत राहिले. बॅटरी, टाकी, द्रावण, मात्रा... अरे, हा तर आपलाच धंदा! पाठीवरचा बॅटरी पंप लहान करून खिशात घातला की झालं. सोळा लिटरच्या जागी दोन मिलिलिटर, नोझलच्या जागी कॉइल. आणि वात कापसाची! “बघा,” दाजी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, “आपल्या कापसाला जग तोंडाला लावायलंय, अन् आपण भावासाठी रडायलाव.” गिऱ्हाईक बिचारं गुलाबी बोंडअळीचं औषध मागायला आलं होतं.

(निकोटिनशी दाजींच्या धंद्याचा जुना संबंध आहे, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. निकोटिन सल्फेट हे एके काळी पिकावरच्या माव्यावर फवारायचं औषध होतं. पिकावरचा मावा त्यानं मरायचा आणि टपरीवरचा मावा त्याच्यावरच चालतो.)

त्या दिवसापासून दाजींची निवड सुरू झाली. भाचा म्हणाला, “मामा, पेनासारखं एक येतं. संपलं की फेकून द्यायचं. सुरुवातीला तेच बरं.” दाजींनी ते तिथल्या तिथं फेटाळलं. वापरा आणि फेका हे पोरांचं काम. ज्यानं आयुष्यात पहिला पाण्याचा पंप घेतानाच साडेसात अश्वशक्तीचा घेतला (विहिरीला पाणी तीन अश्वशक्तीपुरतंही नव्हतं, तो मुद्दा वेगळा), तो माणूस पेनानं सुरुवात करणार नाही. त्याला डब्बा पाहिजे. ज्यात वॅट कमी-जास्त करता येतात, कॉइल बदलता येते, बॅटरी काढून दुसरी बसवता येते, आणि वर छोटा पडदा असतो त्यावर आकडे दिसतात. पडद्याला दाजी फार मानतात.

यानंतर टपरीवर जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

“दाजी, काय बघायलाव एवढं?”

“मशीन.”

“कोणती? रोटाव्हेटर?”

“वाफेची. ऐंशी वॅटची बघू का दोनशेची, त्याचा इचार करायलोय.”

टपरीवाल्यानं वर बघितलं. त्याच्या अख्ख्या टपरीला उजेड देणारा बल्ब नऊ वॅटचा. “दोनशे वॅट तोंडात?” तो म्हणाला. “दाजी, घरच्यांना इचारलं का?”

दाजींना सगळं पाठ झालं. १८६५० नंबरची बॅटरी म्हणजे अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब. कॉइलचा रोध एका ओहमच्या खाली गेला की वाफ दाट, आणि मग ती तोंडात न थांबवता थेट छातीत ओढायची. वर राहिला की सिगारेटीसारखा झुरका. ग्लिसरीन जास्त तर ढग मोठा, ग्लायकॉल जास्त तर घशाला ठसका. मोटार रिवाइंडिंगवाल्याला गाठून त्यांनी रोधावर तासभर चर्चा केली; त्यानं जळालेल्या मोटारी बाजूला सारून चहा पाजला, कारण ओहमबद्दल आपणहून विचारणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ च्या सुमारास हे यंत्र काढलं, त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेले होते, ही गोष्ट तर दाजी अशी सांगतात, की हॉन लिक युसूफवडगावचा वाटावा. चवींची यादी वाचून मात्र ते नाराज झाले. आंबा आहे, पुदिना आहे, टरबूज आहे, सीताफळ नाही. बालाघाटाच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि जगाला त्याची वाफ माहीत नाही! आपणच कारखाना टाकावा, असं त्यांच्या मनात दोन दिवस होतं.

तिसऱ्या दिवशी वकील मेहुणा आला आणि त्यानं कायदा वाचून दाखवला. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार. दाजींनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

“यात ओढायला बंदी कुठाय?”

“ओढायला तसं लिहिलेलं नाही,” मेहुणा म्हणाला. “पण कुणी बनवायचं नाही, आणायचं नाही, विकायचं नाही, ठेवायचं नाही. आभाळातून हातात पडलं तर दाजी, खुशाल ओढा.”

इथं मला सरकारची बाजू थोडी कळते. कोवळ्या पोरांना नवं व्यसन लागू नये, हे कारण खोटं नाही. अमेरिकेतल्या शाळांत त्या काळी वाफेचं खूळ कसं पसरलं होतं ते जगानं बघितलं. पण ज्या विडी-सिगारेटीच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र छापायला लावलंय, ती मात्र कोपऱ्यावर मिळते, हे दाजींना पटवून सांगणं अवघड जातं. सुटी सिगारेट विकायला राज्यानं २०२० मध्ये बंदी केली. त्यानंतर टपरीवर सुटी सिगारेट मागताना आवाज खाली आला, एवढाच फरक. गुटखा २०१२ पासून बंद आहे. तो किती बंद आहे, हे कुठल्याही टपरीवर विचारावं. टपरीवाला आधी तुमचे बूट बघतो.

दाजी खचले नाहीत. विलायतेच्या सरकारनं २०२३ मध्ये दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना वाफेचं यंत्र फुकट द्यायचं जाहीर केलं होतं, ही बातमी त्यांनी कुठूनशी शोधून टपरीवर वाचली. “यादीत नाव कुठं टाकायचं?” एकानं विचारलं. “केवायसी लागती का?” पुढं त्याच देशानं जून २०२५ पासून वापरून फेकायची यंत्रं बंद केली, तेव्हा दाजींनी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला. “मी काय म्हणत होतो? वापरा अन् फेका नकोच!” केजला ते विलायतेच्या आधी सुचलं होतं, याचा त्यांना रास्त अभिमान आहे.

डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम सुचवून पाहिलं. दोन मिलिग्रॅमचं दुकानात सहज मिळतं. दाजी म्हणाले, रवंथ आपल्याला जमत नाही. त्यात निवडायला काही नाही, हे खरं कारण. पुदिना का साधं, एवढाच प्रश्न. पडदा नाही, वॅट नाहीत.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणाऱ्यांचा फुकट नंबर दाजींनी एकदा लावला. पलीकडच्या बाईंनी मायेनं विचारलं, शेवटची कधी ओढली? दाजी अडखळले. आठवेना. शेवटची सिगारेट कधी, यापेक्षा पहिली कॉइल कोणती, यातच इतके महिने गेले होते. मग सावरून त्यांनी बाईंनाच विचारलं, की नव्या माणसानं ओहम किती धरावा.

माझं मत विचाराल तर दाजींची सिगारेट ना एक्सरेनं सुटली, ना मनाच्या निग्रहानं. ती सुटली निवडीनं. यंत्र मिळत नाही म्हणून निवड संपत नाही, आणि निवड चालू आहे तोवर हात रिकामा नाही. एकदा का तो दोनशे वॅटचा डब्बा त्यांच्या खिशात पडला, की निकोटिन पुन्हा छातीत, आणि टपरीवर बोलायला विषय उरला नाही म्हणून वर सिगारेटही.

तेव्हा केज, धारूर, गेवराईकडच्या ज्या मंडळींची पोरं आखातात आहेत, त्यांना एक विनंती. सुट्टीवर येताना दाजींचा फोन येईल, ते गोड बोलतील, मॉडेलचा नंबरही पाठवतील. पोरांना सांगा, दाजींसाठी खजूर आणा. दुसरं काही आणू नका.