पनवेलमध्ये ऑनलाइन कसे राहावे: नवशिक्यांसाठी सोपे धडे

पनवेलला फ्लॅट घेतलात, अभिनंदन. चावी मिळायच्या आधीच तुम्हाला सोसायटीच्या ग्रुपवर घेतलेलं असेल. ग्रुप साधारण तीन असतात. एकावर फक्त अ‍ॅडमिन बोलतात, दुसऱ्यावर अ‍ॅडमिनबद्दल बोलतात आणि तिसरा पार्किंगचा. तिन्हींत राहायचं. एकातून जरी बाहेर पडलात तरी गणपतीची वर्गणी चुकवायची आहे, असा अर्थ निघतो.

पहिला धडा अर्थातच सुप्रभात. कमळ, सूर्य आणि वाफाळता चहा हे एकाच चित्रात असावेत आणि ते सहाच्या आत पोचावं. उशीर झाला तर लोक तब्येतीची चौकशी करतात.

दुसरा धडा थोडा अवघड आहे, म्हणून उदाहरणासह सांगतो. साडेसहाला सी विंगच्या काकू विचारतात, "पाणी आलं का?" याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देणं हे नवखेपणाचं लक्षण. आधी कोणीतरी बल्लाळेश्वराचा फोटो टाकावा. त्याखाली अकरा जणांनी हात जोडावेत. मग बी विंगच्या काकांनी देहरंग धरण ओसंडून वाहतानाचा व्हिडिओ टाकावा. तो कोणत्या वर्षीचा, हे विचारायचं नसतं. धरणावरून पाणीपट्टी, पाणीपट्टीवरून निवडणूक आणि निवडणुकीवरून थेट नेहरू, असा प्रवास व्हावा. सव्वाआठला काकू पुन्हा लिहितात, "अहो, पण पाणी?" तोवर येऊन गेलेलं असतं.

यानंतर फॉरवर्ड. या बाबतीत पनवेलकरावर देवाची कृपा आहे. हार्बरची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते, आणि सीएसएमटीपर्यंत जवळपास सव्वा तास बोटं मोकळी असतात. मधल्या स्टेशनांवर चढून एका हाताने दांडी धरणाऱ्यांना हे सुख नाही. मानखुर्द येईस्तोवर पनवेलकराचं दिवसाचं वाटप आटोपलेलं असतं.

मजकुराखाली नाव कोणाचं घालायचं, याचा नियम सोपा आहे. प्रेम आणि नवरा-बायको असेल तर व. पु. काळे. खाणं, पाऊस किंवा म्हातारपण असेल तर पु. ल. देशपांडे. देश आणि शेतकरी असेल तर नाना पाटेकर. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले. पण मोबाइलच्या व्यसनावर त्यांनी केवढं लिहून ठेवलंय, ते बघून आपण थक्क व्हायचं आणि पुढे पाठवायचं. ज्याने खरोखर लिहिलं तो बिचारा डोंबिवलीत किंवा सांगलीत बसून तोच मजकूर दुसऱ्याच्या नावाने वाचत असतो. त्याला वाचक मिळाले, आणखी काय हवं?

आपली खात्री नसेल तर शेवटी एक ओळ जोडावी: "खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवतोय." या ओळीने सगळी पापं धुऊन निघतात, असा समज आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. अफवा अशीच, आली तशी फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. आमच्याकडे लोकांनी पाच-पाचचे हप्ते पाडले.

रीलबद्दल फार सांगत नाही, कारण ती कला उपजतच असते. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यावर जायला बंदी असते. बंदीचा फलकच पार्श्वभूमीला घेऊन लोक उभे राहतात. कलावंतीण दुर्गाच्या कोरीव पायऱ्यांवर मागे खोळंबलेल्या साठ माणसांना "जरा थांबा हं" म्हणत एकच उडी चार वेळा मारतात. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्यापाशी रील करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. ती बातमीही आमच्या ग्रुपवर आली. तिच्याखाली लगेच त्याच धबधब्याकडे जायचा रस्ता कोणीतरी विचारला.

आता विमान. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि पनवेल-उलव्याच्या गच्च्यांना सुगीचे दिवस आले. विमान दिसलं की फोन वर. चित्रात दिसतो एक करडा ठिपका, ऐकू येतं "ए, ते बघ, ते बघ". असे कितीतरी व्हिडिओ माझ्या फोनमध्ये पडून आहेत. सगळ्यांत ठिपका तोच.

राहता राहिला ब्लॉग. हा धडा अभ्यासक्रमाबाहेरचा. २००७-०८च्या सुमारास मराठी माणसं बरहा किंवा गमभन वापरून एकेक अक्षर जुळवत ब्लॉग लिहीत होती. वाचायला दहा माणसं, त्यातली चार नात्यातली. त्या पानांवरचं बरंच काही आजही शोधलं की सापडतं. ऑर्कुटवरच्या गप्पा ३० सप्टेंबर २०१४ ला ते दुकान बंद झालं तशा गेल्या, आणि ग्रुपवर परवा टाकलेला प्लंबरचा नंबर आज मिळत नाही.

म्हणून एक विषय सुचवतो. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या या गावाची २०१६ मध्ये महापालिका झाली, २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो आली, आणि विमानतळासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. टेकडीच्या पायथ्याशी शेत कोणाचं होतं, खाडीत जाळं कुठे लावत, गावदेवीची पालखी कोणत्या वाटेने निघे, हे सांगू शकणारी माणसं आज पुनर्वसनाच्या भूखंडावरच्या इमारतींत राहतात. त्यांच्या नातवंडांकडे विमानाचे व्हिडिओ भरपूर आहेत.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर जाऊन बसा आणि ऐकलेलं त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. आणि दुपारी दोन ते चार जाऊ नका, झोपलेले असतात.