खडे वजा जाता

दागिन्यांची निगा कशी राखावी हे सांगणारं साहित्य बहुतेक नदीकाठी बसून लिहिलेलं असावं. 'दागिना वाहत्या पाण्याखाली धरावा' हे त्यातलं पहिलंच वाक्य. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसानं याच वाक्यावर पुस्तक मिटलं तर त्याला दोष देता येणार नाही. नळ आला की आधी हंडे, मग पिंप, मग शेजारणीच्या घागरी, आणि एवढ्यावर काही उरलं तर ठुशी, असा इथला क्रम आहे. त्यामुळे बालाघाटच्या माथ्यावर राहणाऱ्या, सोयाबीन पेरणाऱ्या आणि तरीही घरात दोन-चार तोळे बाळगून असणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिकेची गरज होती. ती पुढे दिली आहे. अंमलबजावणीची जबाबदारी घरातल्या थोरल्या सुनेची राहील, कारण कुठल्याही अंमलबजावणीची असतेच.

धुण्यासाठी एक वाटी पुरते. वाटीत कोमट पाणी घ्यावं, रिठ्याचा फेस किंवा भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि मऊ झालेल्या जुन्या ब्रशनं हलकेच घासावं. टूथपेस्ट वापरू नये. तिच्यात घासणारी पूड असते, आणि बावीस कॅरेटचं सोनं आधीच मऊ. धुणं वाटीतच उरकावं, मोरीत नाही. मोरीतून गेलेली कुडी शोधण्यासाठी जो खड्डा खणावा लागतो त्याचा खर्च कुडीपेक्षा जास्त येतो, आणि खणताना शेजारचे काका फुकट देखरेख करतात ते वेगळंच.

बोरमाळ उकळत्या पाण्यात टाकू नये. तिचे मणी भरीव असल्याचा समज सासरच्या मंडळींमध्ये असतो. प्रत्यक्षात वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. लाख तापली की मऊ पडते, मणी चेपतात आणि तो समजही चेपतो. नथीतल्या पाचूलाही गरम पाणी वर्ज्य. बहुतेक पाचूंच्या भेगांमध्ये तेल मुरवलेलं असतं. ते निघून गेलं की भेगा उघड्या पडतात. मोत्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि अत्तर यांपासून दूर ठेवावं, कारण मोती म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल त्याला खातं. तुळजापुरात घेतलेली कवड्यांची माळही नेमकी त्याच पदार्थाची. गळ्यात नथीपेक्षा महाग मोत्यांचा सर असो की जोगवा मागणाऱ्या आराध्याची माळ, चिंचेच्या लेखी दोघांची जात एक. तांब्याच्या तांब्याला चिंच लावून झाली की उरलेली दागिन्यांवर फिरवण्याचा मोह आवरावा.

दारोदार फिरून "मावशी, दागिने पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्या पाहुण्याचं पॉलिश खरोखरच उत्तम असतं. बांगडी नव्यासारखी चकाकते. फक्त ती हलकी होते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं एकास तीन मिश्रण सोनं विरघळवतं; पाहुणा ते मिश्रण बाटलीत घेऊन पुढच्या गावाला जातो, आणि आपण चकाकीकडे बघत राहतो. तेव्हा त्याला चहा द्यावा, बांगडी देऊ नये.

आता साठवणूक. इथं या जिल्ह्याला थोर परंपरा आहे, आणि ती ज्याच्या नावावरून जिल्हा अगदी परवापर्यंत उस्मानाबाद होता त्या सातव्या निजामाच्या घराण्यापासून सुरू होते. त्याचे वडील, सहावे निजाम महबूब अली खान, यांनी १८९१ साली अलेक्झांडर जेकब नावाच्या व्यापाऱ्याशी एका हिऱ्याचा सौदा केला. सौदा फिसकटला, प्रकरण कलकत्त्याच्या कोर्टात गेलं, आणि हिरा शेवटी निजामाकडेच राहिला तरी त्यांचं मन त्याच्यावरून उडालं. मीर उस्मान अली खान यांना तो वडिलांच्या पश्चात चौमहल्ला राजवाड्यात सापडला तो जोड्याच्या टोकात कोंबलेला. वजन १८४.७५ कॅरेट. मुलानं त्याचा कागदावर ठेवायचं वजन म्हणून उपयोग केला. पुढे १९९५ मध्ये भारत सरकारनं निजामाच्या जवाहिराचे १७३ नग सुमारे २१८ कोटींना विकत घेतले, त्यांत हाही आला आणि रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेला.

या उदाहरणातून जोड्याची शिफारस करण्याचा मोह होतो. पण निजामाकडे जोडे पुष्कळ होते. आपल्याकडे एक जोड असतो आणि तो लग्नाच्या मांडवाबाहेरून जातो.

ग्रामीण भागात पसंतीची जागा म्हणजे ज्वारीची कणगी. चोराला ती सुचत नाही असं गृहीत धरलेलं असतं. वास्तविक चोराच्या घरीही कणगी असते. खरा धोका असा की ठेवणाऱ्या आजीखेरीज कुणालाच जागा ठाऊक नसते आणि भाव चढला की थोरला मुलगा ज्वारी विकून मोकळा होतो. कपाटात ठेवायचं तर प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ कापडात गुंडाळावा. हिरा सगळ्यांत कठीण. एकाच डब्यात ठेवला तर तो प्रवासात शेजारच्या माणकाला आणि सोन्याला ओरखडे काढत बसतो. जोडवी आणि मासोळ्या काळ्या पडतात त्या हवेतल्या गंधकामुळे. त्यांना हवाबंद पिशवी लागते, नवस लागत नाही.

अधिक चोख व्यवस्था तुळजापूरला पाहावी. आई तुळजाभवानीचे जुने अलंकार, शिवछत्रपतींनी वाहिलेली मानली जाणारी मोहरांची माळ धरून, रोज अंगावर नसतात. जामदारखान्यात, पेट्यांत, नोंदवहीसकट असतात आणि मोठ्या पूजेला बाहेर येतात. इतकं असूनही अलीकडच्या वर्षांत मोजदाद झाली तेव्हा काही पुरातन नाणी आणि दागिने जागेवर सापडले नाहीत आणि पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. त्यावरून एवढीच सूचना: कुलूप कितीही मोठं असलं तरी यादी ठेवावी, वजनासकट, छायाचित्रासकट, आणि ती यादी त्याच कपाटात ठेवू नये.

विम्याचाही पर्याय असतो. अमेरिकेतले जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ मध्ये जगप्रसिद्ध होप हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट दिला तो साध्या रजिस्टर टपालानं. टपालहशील आणि विमा मिळून १४५ डॉलर २९ सेंट. पोस्टमननं तो नेऊन दिला. आपल्या जिल्ह्यात मात्र विमा म्हटलं की २०२० च्या खरिपाचा पीकविमा आठवतो, जो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. दागिन्याचा विमा उतरवताना वकिलाच्या फीची तजवीज आधीच करावी. सोय असेल तर त्याच दागिन्यातून.

यानंतर हौसेचा भाग, म्हणजे आपल्या मनासारखा दागिना घडवून घेणं. पूर्वी सोनारासमोर बसून "मामा, जरा वेगळं काहीतरी करा की" एवढं सांगितलं की काम भागे, आणि मामा नेहमीचंच करून देत. आता मोबाइलवर नटीच्या गळ्यातला हार दाखवायचा असतो. तो हार बारा तोळ्यांचा असतो आणि आपली मोड अडीच तोळ्यांची. सोनार हे तोंडावर सांगत नाही. तो म्हणतो, "अक्का, हेच बघा, थोडं नाजूक करू." नाजूक म्हणजे पोकळ. घडणावळ, मोडीतली घट, डागातली तूट आणि वर कर अशी वाट काढत अडीच तोळे कुठवर पोचतात ते पावतीवर लिहून घ्यावं. १ एप्रिल २०२३ पासून नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. भिंगातून तो क्रमांक आवर्जून वाचावा. वाचता आला नाही तरी वाचल्यासारखं करावं. सराफावर त्याचा परिणाम होतो.

घटीवरून सोनाराला नावं ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा 'नासक' हिरा १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. लंडनला पैलू पाडून झाले. मग वर उल्लेखिलेल्या विन्स्टन यांनी १९४० मध्ये पॅरिसला तो घेतला आणि ८०.५९ कॅरेटचा ४३.३८ कॅरेट केला. जवळजवळ निम्मा हिरा घटीत गेला आणि जगानं त्यांना थोर कारागीर म्हटलं. आपला सोनार अडीच तोळ्यांत गुंजभर घट धरतो तर आपण गल्लीभर बोभाटा करतो.

बजेट अगदीच आखडतं असेल तर एक ग्रॅमच्या दागिन्यांनी लाजू नये. जिल्ह्याचीच ती जुनी रीत आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक दर्यावर्द्यांच्या 'पेरिप्लस'मध्ये इथून भडोचला जाणाऱ्या मलमलीचा उल्लेख येतो. तिथल्या उत्खननात रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकला मिळाल्या आहेत. तसल्या नकलांना वर दोरा ओवण्यापुरतं भोक ठेवलेलं असे. रोमच्या बादशहाचं सोनं परवडत नव्हतं, मुखवटा परवडत होता. गावातल्या लामतुरे संग्रहालयात रंगीत दगडांचे मणी काचेआड मांडलेले दिसतात. गोरोबाकाकांच्या गावी मातीचं काम कच्चं निघणार नाही एवढा भरवसा ठेवायला हरकत नाही.

राहता राहिला रंगीत हिरा. आपल्या काळ्या पाषाणात हिरा नाही. बेसाल्टच्या पोकळीत गारगोटी मिळते, अकीक मिळतो; पहिल्या पावसानंतर नांगरटीत चमकलेला दगड घेऊन पोरं धावत येतात, तो हाच. त्यामुळे हिरा विकतच घ्यावा लागतो आणि विकत घेताना रंगाचं शास्त्र माहीत असावं. पांढऱ्या हिऱ्याची प्रतवारी इंग्रजी डी पासून झेड पर्यंत. जसजसा पिवळेपणा वाढेल तसतशी किंमत उतरते. झेडच्या पलीकडे गेला की मात्र तोच पिवळेपणा 'फॅन्सी' ठरतो आणि किंमत परत चढते. गावात थोडा वेडा असतो त्याला पोरं दगड मारतात आणि पुरता वेडा होतो त्याच्या पायावर नारळ फुटतात, तसलाच हा न्याय. पिवळा रंग नायट्रोजनमुळे, निळा बोरॉनमुळे, हिरवा बहुधा जमिनीतल्या किरणोत्सारामुळे. गुलाबी रंग कसल्याही भेसळीनं नाही, प्रचंड दाबाखाली स्फटिकाची मांडणी पिळवटल्यानं येतो. गुलाबी हिऱ्यांची मोठी खाण ऑस्ट्रेलियात अर्गाइलला होती, ती २०२० मध्ये बंद झाली. त्यामुळे भाव विचारू नये. प्रयोगशाळेत पिकवलेले हिरेही याच रंगांत मिळतात आणि ते खरेच हिरे असतात. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून प्रमाणपत्र घ्यावं, आणि नणंदेनं विचारल्यास प्रमाणपत्र बँकेत आहे असं सांगावं.

रंगीत हिरा जपण्याचे नियम साध्या हिऱ्याचेच. त्याला तेलातुपाचं विलक्षण वेड. खाणीत ग्रीस फासलेल्या पाटावरून खडी आणि पाणी सोडत, खडी वाहून जाई आणि हिरा चिकटून राही. शेंगाची चटणी कुटताना अंगठी काढून ठेवावी ती यासाठीच. शिवाय हिरा कठीण असला तरी चिवट नव्हे, विशिष्ट दिशेनं आघात बसला की तो दुभंगतो. खलबत्त्याशी त्याची परीक्षा घेऊ नये.

एवढं सगळं सांभाळलं की मृग येतो. बी, खत, नांगरट, मजुरी. मे संपता संपता कपाट उघडतं आणि सगळा ऐवज बँकेच्या काउंटरवर ओतला जातो. दिवाळीत सोयाबीन विकून तो सुटेल अशी सर्वांची समजूत असते. जिल्ह्यातल्या सोन्याला सर्वांत सुरक्षित, कोरडी आणि पहाऱ्यातली जागा मिळते ती हीच, वर्षातले पाच-सहा महिने, वर त्याबद्दल व्याज आपणच भरतो. बँकेचा सोनार कसोटीवर रेघ ओढतो, काटा लावतो, आणि नियमाप्रमाणे कर्ज देतो ते सोन्याच्या निव्वळ वजनावर. खडे, मोती, लाख, दोरा, सगळं त्यातून काढून.

तेव्हा फॅन्सी निळ्या हिऱ्याची अंगठी घेऊन जाल त्या दिवशी प्रमाणपत्र काउंटरवर ठेवावं, बोरॉनबद्दल थोडक्यात सांगावं, होप हिऱ्याचा आणि गोवळकोंड्याचा दाखलाही द्यावा. सोनार शांतपणे ऐकून घेईल, चष्मा वर करेल आणि मागे बसलेल्या कारकुनाला सांगेल, "अंगठी एक. निळा खडा एक, वजा."