पप पीस-मीमांसा

दोन वेल्डांमध्ये अंतर किती असावे, या विषयावर गोव्यातल्या मये गावात आजवर एकही परिसंवाद भरलेला नाही, ही खेदाची बाब आहे. गावातली मुले डिचोलीला आयटीआय करतात, फिटर होऊन वास्कोच्या शिपयार्डात नाहीतर आखातात जातात. तळ्यावर पर्यटक येऊन पॅडल बोट मारून जातात. प्रश्न मात्र तसाच पडून आहे. प्रस्तुत प्रबंध ही उणीव भरून काढण्यासाठी.

प्रथम विषयनिश्चिती. पाइपाला काटकोनात वळवणारे दोन एल्बो थेट एकमेकांना जोडले तर मध्ये एकच वेल्ड येतो. मध्ये पाइपाचा तुकडा घातला की दोन वेल्ड. या तुकड्याला फॅब्रिकेशन शेडमध्ये 'पप पीस' म्हणतात, आणि त्याची लांबी हाच आपला संपूर्ण विषय आहे.

आता प्रमाणग्रंथ. प्रोसेस पायपिंगची श्रुती म्हणजे अमेरिकेची 'बी ३१.३' संहिता. वेल्ड कसा करावा, कोणी करावा, कसा तपासावा, सारे तीत आहे. पण दोन गोल वेल्डांत किमान अंतर किती, याबाबत ती मौन पाळते. श्रुती गप्प बसली की स्मृतिकारांचे फावते. 'बीएस २६३३' ही ब्रिटिश स्मृती म्हणते, पाइपाच्या जाडीच्या चौपट. कंपन्यांच्या स्पेसिफिकेशनांत कुठे ५० मिलिमीटर चालतात, कुठे पाइपाचा एक व्यास. या शेवटच्या पक्षाला आम्ही व्यासमत म्हणतो. महाभारताशी त्याचा संबंध नाही.

उदाहरण घेऊ. चार इंची पाइप, बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, शेड्यूल ४०, म्हणजे जाडी सुमारे ६. लाँग रेडियस एल्बोच्या मध्यरेषेपासून तोंडापर्यंत १५२. दोन एल्बो उलटसुलट जोडले की लाइन ३०४ मिलिमीटर बाजूला सरकते. आता ड्राफ्ट्समनने, का ते देव जाणे, ३३० लिहिले. पप पीस आला २६ मिलिमीटरचा. चौपटवादी म्हणतील, २४ हवे होते, २६ मिळाले, पास! पण शेडमध्ये दोन्ही सांध्यांत तीन-तीन मिलिमीटर मोकळी जागा (रूट गॅप) ठेवायची असते, म्हणून फिटर तुकडा कापतो २० चा. त्याची दोन्ही तोंडे तिरकी घासून बेव्हल करायची, वर वेल्डची टोपी दोन्हीकडून आत चढायची. अख्खे पोलाद उरते बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाही. ब्रिटिश स्मृती तर अंतर टोपीच्या काठापासून काठापर्यंत मोजते. कागदावर पास झालेला तुकडा इथे सपशेल नापास.

इतक्या जवळ वेल्ड आले तर होते काय? पाइप त्याच दिवशी फुटत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण वेल्डच्या दोन्ही अंगांना काही मिलिमीटर पोलाद तापून बदललेले असते; असे दोन पट्टे एकमेकांवर चढतात आणि आक्रसण्याचे ताण एकाच जागी साठतात. अल्ट्रासॉनिक तपासणीचा प्रोब सरकवायला जागा राहत नाही. क्लँप बसत नाही. आमच्या मते नियमाचे खरे मूळ इथेच आहे, धातुशास्त्र नंतर आले.

डिचोलीच्या एका शेडमधल्या फिटरने हा सिद्धांत सूत्ररूपाने मांडला आहे: 'एल्बोक एल्बो लाय, ना जाल्यार व्हड कुडको घाल.' चिकटून असणे दोष नाही, दूर असणेही नाही. दोष आहे तो थोडेसे अंतर ठेवण्यात. सूत्राला स्थानिक पुरावाही मिळतो. लोकपरंपरेतल्या देवी-बहिणींपैकी चौघी पाहा: लईराई शिरगावात, केळबाय मुळगावात, महामाया मयेत, तिन्ही गावे शेजारशेजारची. मोरजाय मात्र थेट पेडण्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर. पहिल्या तिघी फिटिंग-टू-फिटिंग, चौथीने ऐसपैस पप पीस घेतला. या चौघींत अर्धवट अंतर कुणीच ठेवले नाही. (पुजाऱ्यांचे मत अजून घेतलेले नाही.)

तेव्हा ड्राफ्ट्समन मंडळींना हात जोडून विनंती. ३०४ लिहा. पन्नासवाले असाल तर ३५४ लिहा, व्यासमताचे असाल तर ४१८. ३३० च लिहायचे असेल, तर आधी शेडमध्ये या आणि ग्राइंडर त्या फटीत स्वतः घालून दाखवा.