रा. रा. सदुसष्ट मार्कवाले यांस

कृतानेक साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या श्रावणात मुळशी धरणाच्या रस्त्याला, पौडच्या पुढे, भाजक्या कणसांच्या गाडीशेजारी आपण छत्री उघडून बसला होतात. समोर टेबल, त्यावर निळं मखमली कापड, कापडावर प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्या आणि प्रत्येक डबीत एकेक तांब्याचं नाणं. त्यातली एक शिवराई मी साडेआठ हजारांना घेतली. आपल्याला मी आठवत नसणार, गिऱ्हाइकं पुष्कळ. खूण सांगतो. पांढरी टोपी, चष्म्याला दोरी आणि 'मी तीस वर्षं इतिहास शिकवलाय' असं कुणी न विचारता सांगणारा तो मी. ते ऐकताच आपण भाव दीड हजारांनी चढवलात, हे मागाहून चुलतभावाकडून कळलं. तशीच शिवराई त्याला आपण सात हजारांत दिलीत. त्याने सातवीत शाळा सोडली होती, त्याचा त्याला फायदा झाला.

सर्वप्रथम आपलं अभिनंदन. डबीवरच्या लेबलावर आपण छापलं आहे: 'शिवराई, रायगड, 1674, एमएस 67, रेड'. शेजारी चकचकीत हॉलोग्राम, त्याखाली क्यूआर कोड. नातवाने तो मोबाइलवर लावून पाहिला, तर आपलाच व्हॉट्सअ‍ॅप नंबर उघडला. एवढा सरळ कारभार हल्ली सरकारी कचेरीतही राहिलेला नाही.

हा 67 चा आकडा कुठून येतो हे आपल्याला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून पेशाला जागून सांगतो. अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना त्यांच्या देशातल्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटांचा नाद होता. 1949 साली त्यांनी त्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी काढली. जेमतेम ओळखू येणारं नाणं 1, निर्दोष ते 70. हिशेब असा की 1 क्रमांकाच्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट 70 क्रमांकाच्या नाण्याला. भाव पुढे बदलले, पट्टी मात्र जगभर राहिली. त्या पट्टीवर 60 पासून वरचं, 'एमएस' लावलेलं नाणं म्हणजे टाकसाळीतून बाहेर पडल्यावर कधी वापरातच न आलेलं. तेव्हा आपल्या 67 चा अर्थ असा झाला की रायगडावरून निघालेली ही शिवराई साडेतीनशे वर्षांत कुणी कनवटीला लावली नाही, कुणी तिचं मीठ घेतलं नाही, कुणी ती देवापुढे ठेवली नाही. ती थेट आपल्या छत्रीखाली आली.

हे शेल्डनसाहेब 1977 साली गेले. त्यांच्या पश्चात उघड झालं की न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातले शंभराहून जास्त चांगले सेंट त्यांनी हळूच काढून घेतले होते आणि त्या जागी स्वतःकडचे हलके ठेवले होते. ज्याने जगाला नाण्याची प्रत ठरवायला शिकवलं, त्यानेच प्रतीची अदलाबदल केली! आपल्या व्यवसायाला एवढा थोर मूळपुरुष लाभला आहे, तर लेबलावर त्यांचा फोटो का नाही छापत?

बाकी ही प्रमाणपत्राची कल्पना वाईट नव्हती. विकणाऱ्याच्या हातात जे नाणं 'एक नंबर' असतं, तेच आपण विकायला गेलो की 'बरंच झिजलंय हो' होतं. या रडगाण्याला कंटाळून 1986-87 च्या सुमाराला अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्यांनी काम सुरू केलं. नाणं कुणाचं आहे हे परीक्षकाला सांगायचं नाही, एकाहून जास्त जणांनी ते भिंगाखाली पाहायचं, आकडा ठरवायचा, मग डबी सीलबंद करून तिला नंबर द्यायचा. घासूनपुसून चकचकीत केलेलं नाणं आलं, तर त्याला सरळ आकडा मिळत नाही, 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. त्यांच्या डब्यांच्याही नकला निघतात, ती गोष्ट वेगळी. सगळी मदार आहे ती पारखणारा आणि विकणारा वेगळे असण्यावर. आपल्याकडे ही अडचण नाही. सापडलं आपल्यालाच, पारखलं आपणच, छापलं आपणच, विकलंही आपणच. 'मुख्य परीक्षक' म्हणून केलेली सही आणि माझ्या पावतीवरची सही एकाच वळणाची आहे. 'सही'मधल्या त्या वेलांटीला वीस पैकी वीस.

आणि ही विद्या काही सातासमुद्रापलीकडून आलेली नाही. पेशवाईत एकाच बाजारात कितीतरी टाकसाळींचे रुपये फिरत. पुण्याचा अंकुशी, शिवाय गावोगावचे, राज्याराज्यांचे. कोणता रुपया किती कसाचा, किती झिजलेला, हे सराफ आणि पोतदार बघत. दगडावर आपटून वाजवत, कसोटीवर घासत, तोलत आणि उतरलेल्या नाण्यावर बट्टा कापत. नावाला बट्टा लागतो तो त्यांच्यामुळेच. सराफ स्वतः तपासलेल्या रुपयावर आपल्या खुणेचा बारीक ठोसा मारी. म्हणजे नाणं पुढे खोटं निघालं, तर पेढी कुणाची ते कळे. प्रमाणपत्र नाण्याच्या अंगावरच असे. आज तो ठोसा असलेला रुपया परीक्षकाकडे गेला, तर 'खराब केलेलं' म्हणून त्याचे मार्क कापले जातात. आपल्याला ठोसा मारायची भीती नाही. आपल्याला प्लॅस्टिक आहे.

आता नाण्याकडे येतो. खरं तर आधी तिथंच यायला हवं होतं, पण मी लेबल वाचलं आणि पाकीट काढलं. घरी आल्यावर कपाटातून माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठ्यांच्या टाकसाळी आणि नाण्यांवरचं पुस्तक काढलं. 1989 साली नाशिकजवळच्या अंजनेरीच्या संशोधन संस्थेने ते छापलं आहे. तीन वर्षं माझ्याकडे पडून होतं. पैसे देऊन झाल्यावर ते उघडलं.

शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची माळ. 1674 साली ती सुरू झाली हे खरं, पण त्याच नावाने ती पुढे पेशवाईभर आणि त्यानंतरही पडत राहिली. त्या सुरुवातीच्या नाण्यांवर साल नसतं. आपण ते लेबलावर पुरवलंत, त्याबद्दल आभार. पण आपल्या नाण्यावर 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा आहेत. तिला दुदांडी म्हणतात. ही तर पेशवाईच्या अखेरची आणि कंपनी सरकारच्या सुरुवातीची. म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाला जे नाणं पाडलं, ते सुमारे दीडशे वर्षांनी येणाऱ्या घडणीचं होतं. महाराज दूरदृष्टीचे होते हे मी वर्गात शिकवत असे, पण इतकं नाही.

शिवराई हाताने ठोकत. खाली एक साचा, हातात दुसरा, मध्ये तांब्याची चकती, वरून घाव. साचा बहुधा चकतीहून मोठा असे. त्यामुळे कुठे 'श्री' अर्धी कापलेली, कुठे 'पति' काठाबाहेर, कुठे ठिपके एकाच अंगाला. आपल्या नाण्यावर दोन्हीकडचे सगळे ठिपके जागच्या जागी आहेत, बालवाडीच्या स्नेहसंमेलनात रांगेत उभी केलेली मुलं असावीत तसे. पुरी शिवराई तोळ्याच्या आसपास भरते, आपली सव्वासात ग्रॅम भरली. आणि ते 'रेड'! तांबं हवेला राहिलं की चॉकलेटी पडतं. साडेतीनशे वर्षं लालबुंद राहिलेलं तांबं फक्त चिंचेच्या कोळात दिसतं.

तरी मन मानेना. चुलतभावाला त्याचं नाणं घेऊन बोलावलं. दोन्ही डब्या फोडल्या. 'सील तोडल्यास प्रमाणपत्र रद्द' असं मागे लिहिलं आहे, तो धोका पत्करला. सील म्हणजे कडेला फेव्हिक्विकचे चार थेंब होते, एकात कुत्र्याचा केस अडकलेला. दोन्ही नाणी खिडकीत उजेडाला धरली. माझ्या नाण्यावर 'राजा'मधल्या 'जा'च्या काना­शेजारी सुईच्या टोकाएवढा खड्डा. त्याच्या नाण्यावर त्याच जागी, तेवढाच खड्डा. काठाला डावीकडे माझ्या नाण्याला खाच, त्याच्या नाण्यालाही तीच खाच. एका साच्यातून ठोकलेली दोन नाणी अक्षरांनी जुळतील, पण चकतीच्या काठाने जुळायची नाहीत. काठासकट जुळतात ती ओतलेली, एकाच मूळ नाण्याचा ठसा घेऊन. भाऊ म्हणाला, "जुळी आहेत रे, दादा." मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

एका गोष्टीचा मात्र राग आला, तिथे थट्टा जमत नाही. नाणं कुठलं म्हणून विचारलं, तेव्हा आपण धरणाकडे बोट केलंत. "उन्हाळ्यात पाणी उतरलं ना, तेव्हा बुडालेल्या वाड्याच्या पायात मडकं निघालं." आमची निम्मी भावकी त्या पाण्याखालच्या गावांतली. 1921 सालच्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्यात होते, माणसं तुरुंगात गेली आणि तरी पाणी आलंच. जाताना लोकांनी घराचे वासे काढून नेले, कौलं नेली, जातं नेलं, देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नेले. आणि पैशांचं मडकं तेवढं विसरून गेले, नाही का? आपल्यासाठी?

बरं, घटकाभर धरून चालू की मडकं निघालं. मग 1878 चा निखात निधीचा कायदा आपल्याला माहीत हवा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा नाणं खोटं असेल तर फसवणूक आणि खरं असेल तर हा कायदा. आपण कोणत्या बाजूला बसणं पसंत कराल, ते कळवावं. माझ्या मते आपण निर्धास्त फसवणुकीकडे जावं. बनावट नाण्याचा मोठा गुन्हा आपल्याला लागू नाही, कारण कायद्याच्या लेखी नाणं म्हणजे आज चलनात असलेलं. तेवढं आपलं नशीब.

आमच्या घरात एक शिवराई आहे. आजीची. दर लक्ष्मीपूजनाला आजी ती चिंचेने घासायची, मग आई घासायची, मग बायको. आता 'शिव' तेवढं वाचता येतं, तेही उन्हात तिरकी धरली तर. कुठलाही परीक्षक तिला आकडा देणार नाही, 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत पाठवेल, आणि ते बरोबरच आहे. आमच्या घराने तीन पिढ्या मन लावून तिचे मार्क कमी केले आहेत.

तेव्हा विनंती अशी. आपलं नाणं मी परत करायला तयार आहे. व्यवहार जुन्या सराफी रीतीने करू. वाजवून पाहिलं, बद्द वाजलं. तांब्याचा जो मोडीचा भाव असेल तो सव्वासात ग्रॅमचा धरा, मिसळ किती आहे त्याचा बट्टा कापा, उरेल ते नाण्यासोबत आपल्याकडे परत येईल. माझे साडेआठ हजार गुगल पे करावेत. क्यूआर कोड माझ्याकडे आहेच, पण तो आपला. माझा वेगळा पाठवतो.

कळावे, लोभ आहेच, साडेआठ हजारांचा.

आपला,
एक नापास मास्तर

ता. क.: डबी ठेवून घेतो आहे. आजीची शिवराई तिच्यात बसवून पाहिली. झाकण लागत नाही, ती जाड आहे.